सामान्यतः निवासी : कलम २० वरचे भाष्य, हिंगोलीच्या अंगाने

नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो असा : आता राहणार कुठे? हिंगोली जिल्ह्यात या प्रश्नाची निदान चार उत्तरे असतात. गावातले वडिलोपार्जित घर, हिंगोलीत किंवा वसमतला प्लॉट घेऊन बांधलेले घर, पुण्यातल्या मुलाचा फ्लॅट, हैदराबादेतल्या लेकीचे घर. पुष्कळ जण चारही उत्तरे आळीपाळीने जगतात. पेरणीला गावी, दिवाळीला पुण्याला, गुडघ्याच्या ऑपरेशनला हैदराबादला. माणूस असा फिरता राहू शकतो, पण मतदार यादीत नाव मात्र एकाच ठिकाणी राहते. ते ठिकाण ठरवण्याचे काम १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० ने आपल्याकडे घेतले आहे. हे कलम निवृत्तांसाठी लिहिलेले नाही. तरी निवृत्तांना ते जितके लागते तितके फार थोड्यांना लागत असेल, म्हणून त्यावर ओळीने भाष्य करतो. मजकुराचा आशय माझ्या शब्दांत दिला आहे.

आधी हे पाहू की राज्य निवडण्याने आपल्याकडे बदलते काय. अमेरिकेत निवृत्त माणूस फ्लोरिडा, टेक्सस किंवा साउथ डकोटा आपले राज्य म्हणून सांगतो, त्याचे मोठे कारण आयकर. त्या राज्यांत राज्याचा आयकर नाही. फ्लोरिडात तर अधिवासाचे शपथपत्र नोंदवण्याची कायदेशीर सोयच आहे. भारतात शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा आयकर केंद्राचा आहे. सेनगावात राहून पेन्शन घेतली काय किंवा निजामाबादला राहून घेतली काय, कराचा आकडा तोच येतो. व्यवसाय कर राज्याचा, त्याची कमाल घटनेने वर्षाला २,५०० रुपये ठरवलेली, आणि तो काम करणाऱ्यावर, पेन्शनवर नाही. पैशासाठी राज्य बदलण्याचे कारण इथे उरत नाही.

मग उरते ते असे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे, पण महाराष्ट्राच्या हद्दीपुरता. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून बायकांना तिथल्या बसमध्ये तिकीट नाही, मात्र ती बाई तेलंगणाची रहिवासी असल्याचे ओळखपत्र लागते. श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपये हवे असतील, तर किमान १५ वर्षे महाराष्ट्रात राहिल्याचे दाखवावे लागते. तेलंगणाची आसरा पेन्शन २,०१६ रुपयांची, तीही तिथल्या रहिवाशाला. कळमनुरीची एखादी विधवा आजी हैदराबादला लेक-जावयाकडे कायमची गेली, की एका राज्याच्या यादीतून निघून दुसऱ्याच्या यादीत बसेपर्यंत मधल्या मधे राहते. आणि या सगळ्यापलीकडे मत आहे, जे पैशात मोजता येत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. राज्याचा म्हणून वेगळा अधिवास भारताच्या घटनेत नाही. अनुच्छेद ५ भारताच्या भूमीतल्या अधिवासाबद्दल बोलते. १९८४ मध्ये डॉ. प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अधिवास एकच, तो भारताचा. राज्ये ज्याला अधिवास म्हणतात तो खरे तर कायमचा रहिवास आहे. जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल खटल्यात हेच पुन्हा सांगितले. तहसीलमधून आपण जो डोमिसाइलचा दाखला काढतो तो या अर्थाने वाचायचा. आता कलमाकडे.

पोटकलम (१) : मतदारसंघात राहते घर मालकीचे आहे किंवा ताब्यात आहे, एवढ्याच कारणाने कोणाला तिथला सामान्यतः निवासी मानू नये.

सगळा भार ‘एवढ्याच कारणाने’ या अटीवर आहे. घर हा पुरावा नाही असे कायदा म्हणत नाही; एकटे घर पुरेसा पुरावा नाही, असे म्हणतो. हिंगोलीतल्या निवृत्तांना ही ओळ सर्वांत जास्त बोचते. गावात घर आहे, घरपट्टी भरलेली आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, हळदीचे वावर बटईने दिलेले आहे. एवढे असताना मतदार यादीत नाव असायला हरकत काय, असे त्यांना वाटते. वाटणे स्वाभाविक आहे, पण कायदा दुसऱ्या बाजूने पाहतो. घराच्या मालकीवर मत दिले, तर चार गावांत चार घरे असणाऱ्याला चार ठिकाणांतून निवड करता येईल आणि भाड्याने राहणाऱ्याला ती करता येणार नाही. प्रौढ मतदानाचे तत्त्व ज्या देशाने पहिल्याच निवडणुकीपासून स्वीकारले, तिथे मालमत्तेला मताच्या जवळ येऊ द्यायचे नाही, हा या ओळीचा हेतू मला पूर्ण मान्य आहे.

पण या ओळीमागे एक गोष्ट दडलेली आहे जी पेन्शनरांना कोणी सांगत नाही. घटनेच्या अनुच्छेद २४३ प्रमाणे ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीतली माणसे. नाव पुण्याच्या यादीत गेले, की माणूस गावाच्या ग्रामसभेतूनही बाहेर पडतो. घरपट्टी देत राहील, पाणीपट्टी देत राहील, पण त्या पैशाचे काय करायचे हे ठरवणाऱ्या सभेचा तो सदस्य राहणार नाही. ज्या शिक्षकाने चाळीस वर्षे त्या गावच्या पोरांना शिकवले, त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नाही. बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, नाव हलवण्याचा नमुना ८ भरून देताना निदान हे ठाऊक असावे.

पोटकलम (१क) : नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणाहून तात्पुरते दूर गेल्याने कोणी तिथला सामान्यतः निवासी असायचे थांबत नाही.

मराठवाड्यासाठी या कायद्यातली सर्वांत मोलाची ओळ हीच. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेल्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात बेळगावकडे ऊस तोडायला जातात. सेनगाव, औंढा, कळमनुरी या भागांतल्या तांड्यांवर आणि वाड्यांवर तेव्हा म्हातारी माणसे आणि लहान पोरेच मागे उरतात. कारखान्याचा पट्टा पडल्यावर कोयते परत येतात. या काळात कोणी घरी जाऊन पाहिले तर कुलूप दिसेल. त्या कुलुपावरून नाव कमी करता येत नाही, हे (१क) सांगते. तात्पुरते म्हणजे किती दिवस, हे ते सांगत नाही, आणि न सांगण्यातच त्याचा शहाणपणा आहे. महिन्यांचा आकडा घातला असता तर लांबलेल्या गळीत हंगामाने हजारोंचे मत नेले असते.

निवृत्तांचा प्रश्न इथे अवघड होतो. ऊसतोड कामगाराचे परत येणे ठरलेले असते. मुलाकडे गेलेल्या आईवडिलांचे तसे नसते. पहिल्या वर्षी ते सुनेच्या बाळंतपणाला जातात आणि तीन महिन्यांत येतात. मग सूनबाई नोकरीवर रुजू होते म्हणून आठ महिने राहतात. मग वडिलांना रक्तदाब निघतो आणि डॉक्टर तिकडचे. कोणत्या दिवशी हे जाणे तात्पुरते राहिले नाही, हे त्यांनाही सांगता येणार नाही. परत जायचेच आहे, हे मात्र ते मनापासून म्हणत असतात. माझ्या मते जोवर ते म्हणणे खोटे ठरवणारा पुरावा नाही तोवर (१क) चा आधार त्यांना मिळायला हवा.

२०२५ च्या जूनमध्ये बिहारात मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली आणि १ ऑगस्टला जी प्रारूप यादी आली तिच्यात सुमारे ६५ लाख नावे नव्हती. मृत, दोनदा नोंदलेले आणि कायमचे स्थलांतरित, अशी मुख्य कारणे होती. कायमचे आणि तात्पुरते यांतला फरक कागदावर एका खुणेचा असतो. ती खूण करणाऱ्याने (१क) वाचलेले असले पाहिजे, एवढी मागणी जास्त नाही.

पोटकलम (१ख) : खासदार किंवा आमदार आपल्या कामासाठी मतदारसंघाबाहेर राहिला, तर मुदतीपुरता त्याचा तिथला निवास सुटत नाही.

दिल्लीत किंवा मुंबईत राहणाऱ्या लोकप्रतिनिधीसाठी ही सोय उघडच हवी. पण तिच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून पाहावी लागते. पूर्वी ज्या राज्यातून राज्यसभेवर जायचे त्या राज्याचा मतदार असावे लागे. डॉ. मनमोहन सिंग १९९१ पासून आसामचे प्रतिनिधी होते आणि त्यांचा गुवाहाटीतला निवास खरा की नावापुरता, हा प्रश्न गुवाहाटी उच्च न्यायालयापर्यंत गेला. २००३ च्या दुरुस्तीने ती अटच काढली. देशातल्या कोणत्याही मतदारसंघाचा मतदार आता कोणत्याही राज्यातून राज्यसभेवर जाऊ शकतो. कुलदीप नय्यर यांनी तिला आव्हान दिले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. राज्याचे प्रतिनिधित्व करणाऱ्याला त्या राज्यात राहण्याची सक्ती नाही. मत देणाऱ्या पेन्शनरला मात्र राहण्यावरूनच तोलले जाते. दोन्ही नियम आपापल्या जागी समजावून सांगता येतात. एकत्र वाचले की ते मला पटत नाहीत.

पोटकलम (२) : मनोरुग्णालयातला रुग्ण किंवा तुरुंगातला बंदी केवळ तिथे असल्याने तिथला निवासी ठरत नाही.

यादी दोनच ठिकाणांची आहे. वृद्धाश्रम तिच्यात नाही, आणि नाही तेच बरे. मुले परदेशी आहेत म्हणून औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, वृद्धाश्रमात राहायला गेलेला माणूस तिथला पूर्ण नागरिक आहे. त्याला तिथे नाव नोंदवण्यापासून हे पोटकलम अडवत नाही.

पोटकलमे (३) आणि (४) : सेवा-अर्हता असलेला माणूस, किंवा राष्ट्रपतींनी जाहीर केलेल्या पदावरचा माणूस, ती नोकरी नसती तर जिथे राहिला असता तिथलाच निवासी मानावा.

इथे कायदा एकदम वेगळ्या वाटेने जातो. आधीच्या ओळी माणूस प्रत्यक्ष कुठे राहतो हे पाहतात. ही ओळ तो कुठे राहिला असता हे विचारते. लडाखमध्ये तैनात असलेल्या औंढ्याच्या जवानाला कायदा म्हणतो, तू मनाने औंढ्याचा आहेस, तुझे मत औंढ्यात. कर्तव्याने गाव सुटले म्हणून गावाचा हक्क सुटू नये, या विचाराला मी या कलमातला सर्वांत उदार विचार मानतो.

प्रश्न असा की तो विचार जवानापाशीच का थांबला. निवडणूक आयोग वसतिगृहातल्या विद्यार्थ्यालाही पर्याय देतो : नाव आईवडिलांच्या गावी ठेव किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर आण. २०१० च्या दुरुस्तीने आलेले कलम २०क तर अनिवासी भारतीयाला, दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नसेल तर, पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर मतदार होऊ देते, मग तो दहा वर्षे परदेशी का असेना. आता एकाच घरातली माणसे पाहा. समजा, वसमतच्या एका कुटुंबातला थोरला मुलगा न्यू जर्सीत आहे, धाकटा पुण्यात, आणि आईवडील धाकट्याकडे राहायला गेले आहेत. न्यू जर्सीचा मुलगा पासपोर्टच्या पत्त्यावर वसमतचा मतदार राहू शकतो. ज्यांनी वसमतचे ते घर बांधले आणि जे अजूनही आषाढीला तिथे येऊन राहतात, त्या आईवडिलांचे नाव मात्र स्थलांतरित म्हणून जाऊ शकते. समुद्रापलीकडे गेलेल्याचे नाते कायदा मानतो आणि रात्रीच्या बसने येण्याजोग्या अंतरावरच्या म्हाताऱ्यांचे मानत नाही. या विसंगतीचे समर्थन मला कुठे सापडलेले नाही.

पोटकलम (५) : अशा माणसाने विहित नमुन्यात आपले ठिकाण सांगितले, तर उलट पुरावा नसताना ते खरे मानावे.

जवानाचा शब्द हाच पुरावा. लाईट बिल नको, भाडेकरार नको, तलाठ्याचा दाखला नको. उलट पुरावा आला तर तपास आहेच. आपल्या कागदपत्रांच्या राज्यात नागरिकाच्या शब्दावर इतका विश्वास ठेवणारी तरतूद दुर्मीळ आहे.

निवृत्ताची स्थिती याच्या उलट. त्याला दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत याचाही दाखला द्यावा लागतो. २०१४ मध्ये जीवन प्रमाण हा डिजिटल दाखला आल्यापासून बोटाच्या ठशावर, आणि पुढे चेहऱ्यावरही, काम होऊ लागले, तेवढा त्रास कमी झाला. पण पेन्शन हिंगोलीच्या कोषागारातून निघते किंवा हयातीचा दाखला हिंगोलीतून दिला, यावरून तो हिंगोलीचा ठरत नाही. पेन्शन कुठूनही घेता येते आणि ते योग्यच आहे.

पोटकलम (६) : अशा माणसाबरोबर राहणारा जोडीदार त्याने सांगितलेल्या ठिकाणचा निवासी मानावा.

२०२१ पर्यंत इथे फक्त पत्नी होती. सैन्यातल्या अधिकारी बाईचा नवरा तिच्याबरोबर छावणीत राहत असला, तरी त्याला ही सोय नव्हती. २०२१ च्या निवडणूक कायदे दुरुस्तीने पत्नीच्या जागी जोडीदार आला. दुरुस्ती साधी आणि न्याय्य आहे, तिला सत्तर वर्षे लागली.

पोटकलम (७) : एखादा माणूस सामान्यतः निवासी आहे की नाही असा प्रश्न उभा राहिला, तर प्रकरणातली सगळी तथ्ये आणि त्यासाठी केलेले नियम पाहून तो सोडवावा.

कलमाचा गाभा हा. इतर कायद्यांनी आकडे दिले आहेत. आधार कायद्याला आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस लागतात. महाराष्ट्राच्या अधिवास दाखल्याला १५ वर्षे. एकच आजी आधारसाठी तेलंगणाच्या पत्त्यावर चालते, अधिवासासाठी महाराष्ट्राची राहते आणि मतासाठी अधांतरी.

पंधरा वर्षांचा आकडा मराठवाड्याला नवा नाही. हिंगोली १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. निजामाच्या काळापासूनचे मुल्की नियम तिथे लागू होते. सरकारी नोकरीसाठी मुल्की असावे लागे. बाहेरून आलेल्याला मुल्की व्हायचे तर १५ वर्षांचा कायम रहिवास आणि परत जाण्याचा विचार सोडल्याचे शपथपत्र, अशा दोन्ही गोष्टी लागत. आकड्याबरोबर मनाचा निश्चयही मोजला जाई. १९५२ मध्ये याच नियमांवरून हैदराबादेत आंदोलन पेटले होते. पुढे १९५७ च्या कायद्याने सरकारी नोकरीतली रहिवासाची अट देशभर काढली, तेलंगणासारखे काही भाग वगळून.

१९४० च्या सुमारास हिंगोलीत जन्मलेल्या माणसाचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. घर न बदलता तो निजामाच्या संस्थानात जन्मला, १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतात आला, १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९९९ ला परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्ह्यात. आज त्याचे लोकसभेचे मत ज्या हिंगोली मतदारसंघात पडते त्यात यवतमाळचे उमरखेड आहे आणि नांदेडचे किनवट व हदगावही. राज्ये त्याच्या अंगावरून गेली, तो तिथेच राहिला. अशा माणसाला तुम्ही कुठले, असे विचारले तर तो राज्य सांगत नाही, गाव सांगतो. जवळच नर्सी आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून नर्सी, कर्मभूमी म्हणून पंढरपूर आणि उत्तर आयुष्यासाठी पंजाबातले घुमान, तिन्ही गावे त्यांना आपले मानतात. भक्तांना ते चालते. यादीला चालत नाही, कारण याच कायद्याची कलमे १७ आणि १८ एका माणसाला एकाच ठिकाणी एकदाच नाव देतात.

सगळी तथ्ये म्हणजे कोणती, यावर गुवाहाटी न्यायालयाने दिलेली कसोटी उपयोगी आहे : राहणे सवयीचे असावे, उडते नसावे, तिथे स्थिर ठिकाण असावे, तिथेच राहण्याचा इरादा असावा, आणि कोणाही समंजस माणसाने त्याला तिथला मानावे. यातला इरादा निवृत्ताच्या बाजूने जाऊ शकतो, सवय त्याच्या विरुद्ध. दोन्ही खरे असताना काय करायचे, हे (७) त्या अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडते. गावोगावी यावर जो तोडगा निघाला आहे तो वाईट आहे : दोन्हीकडे नाव असू द्या, कोण बघतो! कलम ३१ प्रमाणे नावनोंदणीसाठी जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. शिक्षेपेक्षाही वाईट हे की अशा दुहेरी नावांमुळे खऱ्या स्थलांतरिताचेही नाव संशयात येते.

मत घरी येऊन घेण्याची सोयही हा पेच सोडवत नाही. २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरील मतदारांना घरून मतदान करता आले, पण घर म्हणजे त्या मतदारसंघातले घर. कळमनुरीची मतदार असलेली आजी पुण्यात अंथरुणाला खिळली असेल, तर तिच्यापर्यंत कोणी पोहोचत नाही. जानेवारी २०२३ मध्ये आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना पक्षांना दाखवला, एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मत घेणारा. पक्षांनी शंका काढल्या आणि ते मागे पडले.

पोटकलम (८) : सेवा-अर्हता म्हणजे सशस्त्र दले, सेना कायदा लागू असलेली इतर दले, आपल्या राज्याबाहेर सेवेत असलेले राज्याचे सशस्त्र पोलीस, आणि परदेशात पदावर असलेले भारत सरकारचे कर्मचारी.

तिसरा वर्ग हिंगोलीने विशेष लक्षात घ्यावा. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीत आहे. त्यातला जवान महाराष्ट्रातच बंदोबस्ताला असेल तर त्याला सेवा-अर्हता नाही, मग तो गडचिरोलीत असो की मुंबईत. साताऱ्याहून येऊन हिंगोलीत तीस वर्षे काढलेला असा जवान निवृत्त झाला की सरकारी घर सोडतो. त्याची मुले इथल्या शाळेत शिकली, बायकोच्या मैत्रिणी इथल्या, आईची शेती तिकडे. कोणते गाव त्याचे, हे त्याच्याइतके चांगले कोणी ठरवू शकणार नाही.

म्हणून या पोटकलमात एक वर्ग जोडावा असे मला वाटते : साठ वर्षांवरचा नागरिक, जो मुलांकडे, उपचारासाठी किंवा सोबतीसाठी दुसऱ्या ठिकाणी राहतो आणि ज्याचे आधीचे नाव एखाद्या मतदारसंघात किमान दहा वर्षे होते. त्याने (५) प्रमाणे लेखी सांगावे की नाव जुन्या ठिकाणी ठेवायचे की नव्या. सांगितले ते उलट पुरावा नसताना मानावे. नाव एकाच ठिकाणी राहील आणि दर पाच वर्षांनी निवेदन नवे करावे लागेल, म्हणजे मृतांची नावे रेंगाळणार नाहीत. घराची मालकी या निवेदनात विचारूच नये. भाड्याच्या खोलीत आयुष्य काढलेल्या हमालालाही हा पर्याय तेवढाच मिळाला पाहिजे, नाहीतर पोटकलम (१) ने ज्या दाराने मालमत्तेला बाहेर काढले त्याच दाराने ती परत येईल.